अप्पांची पाठ आणि साहेबांची खुर्ची

कस्टमचे इन्स्पेक्टर वकिलातीतल्या साहेबांचा बंगला तपासत दिवाणखान्यापर्यंत आले आणि तिथेच अडले.

"आरामखुर्ची कुठाय?"

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने छताकडे पाहिलं. साहेब परदेशी अधिकारी, म्हणून ती खुर्ची एक पैसाही कर न भरता देशात आली होती. अट एवढीच, की ती साहेबांनीच वापरायची. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. आणि ती तर ड्रायव्हरच्या घरी, त्याच्या वडिलांच्या पाठीखाली होती.

अप्पांची पाठ धरल्यापासून त्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ते कळल्यावर साहेबांनी स्वतःच खुर्ची उचलून गाडीत घातली. बायकामुलं तिकडे त्यांच्या देशात, एवढ्या मोठ्या बंगल्यात हा एकटा जीव. बसून बसून किती बसणार? मोठा भला माणूस! पण आता साहेबांची सवलत आणि ड्रायव्हरची नोकरी, दोन्ही जायची वेळ आली होती.

"खुर्ची माझ्या मित्राच्या गृही आहे," साहेब म्हणाले. मराठी ते पुस्तकातून शिकले होते. "तेथे मी आसनस्थ होतो."

"असं? मग चला, दाखवा आसनस्थ होऊन."

ड्रायव्हरने बाहेर येऊन घाईघाईने घरी फोन लावला. "अगं, अप्पांना खुर्चीतून उठव! आत्ताच्या आत्ता!"

"उठव काय? किती दिवसांनी घोरतायत! तुम्हीच येऊन उठवा, मला नाही जमायचं."

बायकोने फोन ठेवून दिला. ड्रायव्हरने गाडी इतकी हळू हाकली, की सायकलवालेसुद्धा वळून बघत पुढे गेले. पण घर काय, शेवटी आलंच. अप्पा खुर्चीत ऐसपैस पसरलेले, पाय खुर्चीच्या जोडीच्या स्टुलावर, तोंड सताड उघडं. ड्रायव्हर त्यांना हलवायला पुढे झाला, तर साहेबांनीच त्याचा हात धरला.

"निद्राभंग नको," ते कुजबुजले.

"अहो, पण खुर्ची तर हे वापरतायत!" इन्स्पेक्टरही नकळत कुजबुजले.

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग अप्पांचे पाय अलगद उचलले, स्वतः स्टुलावर बसले आणि ते पाय आपल्या मांडीवर घेतले. सुनेने कपाळाला हात लावला.

"स्टूल खुर्चीचाच भाग आहे. मी वापरत आहे. हे माझे पाहुणे."

इन्स्पेक्टरांनी डोकं खाजवलं. पाहुण्याने खुर्चीत बसू नये, असं काही त्यांना कुठे वाचलेलं आठवेना.

"ठीक आहे. पण पाहुणे बसतील तेव्हा तुम्ही इथे हजर हवेत. मी मधूनमधून येऊन बघेन."

झालं! अप्पा आपल्याच घरात साहेबांचे पाहुणे झाले. साहेब रोज संध्याकाळी येऊ लागले आणि यजमान या नात्याने चहाही तेच करू लागले. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, पण अप्पा तो बिनतक्रार पीत. तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरांनाही तोच मिळाला. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

एके दिवशी सून बाजारातून घरी आली, तर अप्पा शिडीवर चढून माळ्यावरचा डबा काढत होते.

"अप्पा! अहो, पाठ!"

"बरी आहे की. कधीचीच."

"मग साहेबांना सांगते, खुर्ची घेऊन जा म्हणून. बिचारे रोज खेपा घालतायत."

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. अप्पा झरझर शिडी उतरले, खुर्चीत अंग टाकलं आणि पाय स्टुलावर ठेवले.

"खबरदार सांगशील तर! एवढ्या बंगल्यात एकटा बसून राहील तो."

दारात साहेब उभे होते. एव्हाना त्यांची भाषाही पुस्तकातून घरात आली होती.

"काय अप्पा, आज पाठ काय म्हणतेय?"

"काय म्हणणार," अप्पा कण्हले. "आहे तशीच आहे बाबा. टाक चहा."