विनूकाकांची पेप्टाइडं

आमचे शेजारी विनूकाका कुणालाही ‘कसे आहात’ म्हणून विचारत नसत. तोंडाकडे बघून थेट पेप्टाइड सांगत. लहानपणी माझा गुडघा फुटला आणि तरी मी खेळतच राहिले, तेव्हा ते कुंपणापलीकडून ओरडले, “एंडॉर्फिन! आतल्या आत दुखणं दाबतंय बघ!”

काका झाशीच्या रेल्वे दवाखान्यात रक्त तपासायचे. “पेप्टाइड म्हणजे माळ, सुमे. मणी अमिनो आम्लांचे. ओवणी बदलली की काम बदललं.” व्हॅसोप्रेसिन शरीरातलं पाणी राखतं, हे त्यांनी माझ्या आईला पापड लाटताना समजावलं होतं. आई म्हणाली, “राखू दे. तुम्ही जरा सरका, पिठावर पाय पडतोय.”

एकदा बड़ा बाज़ारात मिठाईवाल्यानं पेढे पुढे केले, तर काका त्यालाच शिकवायला लागले. “भैया, इन्सुलिन न हो तो ये सारी शक्कर खून में ही घूमती रहे!”

“तो बाबूजी, पाव भर कर दें?”

काकांनी अर्धा किलो घेतले.

लग्नानंतर मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. काकांच्याच दवाखान्यात दाखल झाले. मुलगी झाली, पण नंतर रक्त थांबेना. डॉक्टरबाईंनी भराभर इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. मला नुसती धावपळ ऐकू येत होती.

सकाळी डोळे उघडले तर काका खाटेशी उभे. दाढी वाढलेली, कपडे कालचेच.

“थांबलं ना रक्त?”

“थांबलं. कसलं इंजेक्शन होतं, काका?”

“ऑक्सिटोसिन. गर्भाशय आवळून धरतं, मग रक्त थांबतं.” एरवी यावर त्यांनी तासभर घेतला असता. आज ते खिडकीबाहेर बघत राहिले. यार्डात इंजिन वाफ सोडत होतं. मग म्हणाले, “सरलेच्या वेळी ते इंजेक्शन इथे झाशीत होतं. आणि ती गरौठ्याला, माहेरी.”

“सरला कोण?” मला कळायला लागल्यापासून काका एकटेच होते.

“माझी बायको.”

मी बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते अवघडून धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

“नाव ठरवलंस?”

“अजून नाही. बारशाला ठरवू.”

“आजच ठेव,” काका म्हणाले. “आमची पोर आठच दिवस होती.”