आबांच्या गाडीचं तेल काळं पडेना

आबांच्या खिशात कायम दोन पांढरे रुमाल असतात. एक तोंड पुसायला आणि दुसरा गाडीच्या इंजिनातली तेलाची पट्टी पुसायला. कुठला कशाचा हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं आबा म्हणतात. पण माझ्या पुतणीच्या हळदीला ते कपाळावर भला मोठा काळा पट्टा घेऊन आले आणि मुलाकडच्या दोन म्हाताऱ्यांनी तो बुक्का समजून त्यांना वाकून नमस्कार केला. आबांनी आशीर्वादही दिला.

आबा आमचे धुळ्याच्या देवपुरातले शेजारी. अख्खी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, टर्बाइनचं तेलपाणी बघण्यात गेली. नोकरी संपली, तेल सुटलं नाही. रोज सकाळी गाडीचं बॉनेट उघडायचं, पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची, थेंब अंगठ्याने बोटावर चोळायचा आणि जड आवाजात म्हणायचं, "बठ्ठं काळं पडी गयं." मला ते तेल मधासारखं दिसतं. मी तसं बोललो की डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं आबा माझ्याकडे बघतात.

चोळायची ही सवय पंगतीतही जात नाही. शेवभाजी वाढली की आबा आधी वरची तर्री दोन बोटांत चोळतात आणि आचाऱ्याला बोलावून हे तेल बदलायला झालंय म्हणून सांगतात. आमच्याकडचे आचारी हल्ली त्यांच्या वाटीत तर्रीच घालत नाहीत.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा तेल बदला. आबा महिन्या-दीड महिन्यात बदलतात. मी एकदा ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. पुस्तक लिहिणारा माणूस मे महिन्यात धुळ्याला आला होता का, एवढंच त्यांनी विचारलं.

आणि तेल बदलायचं ते चोपड्यालाच. देवपुरात गल्लोगल्ली गॅरेजं आहेत, पण इथल्या लोकांना घाई फार, तेल नीट निथळू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. चोपड्याचे गफूरभाई मात्र दुपारभर निथळू देतात. आता ही दुपारभर नुसतं गॅरेजात काय बसायचं, म्हणून आबा तेवढा वेळ लेकीच्या घरी जाऊन येतात. ज्योती चोपड्यालाच दिलेली आहे, जावयाची केळीची बाग आहे. आबांची गाडी गेली की गफूरभाईंचा टेम्पो खूश, कारण आबांनी काढायला लावलेलं तेल तो वर्षानुवर्षं आनंदाने पितोय.

गडबड झाली ती यंदाच्या दिवाळीत. जावई ज्योतीला घेऊन आले होते. मोठा भला माणूस. आबांना या वयात तेलासाठी एवढं लांब यावं लागतं, याचं त्यांना वाईट वाटे. म्हणून कुणाला न सांगता त्यांनी गाडी इथल्याच सर्व्हिस सेंटरला नेली आणि भारीतलं तेल भरून आणली. "आता वर्षभर बघायला नको, आबा," ते म्हणाले. आबा म्हणाले, "छान केलंत, जावईबापू," आणि आत जाऊन बसले.

त्यानंतर आबा रोज पट्टी ओढत आणि रोज हिरमुसत. एक दिवस मला म्हणाले, "हे तेल काही बरोबर नाही, भाऊ. काळंच पडत नाही."

मग असेच जाऊन या की चोपड्याला, मी म्हटलं.

"जाऊन काय सांगू?" आबा म्हणाले.

काकू गेल्यापासून आबा घरात एकटेच. पण बापाने कामाशिवाय लेकीच्या दारात उभं राहू नये, या समजुतीत वाढलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी ते रुमाल घेऊन माझ्या दारात हजर. माझ्या गाडीची पट्टी ओढली, थेंब चोळला आणि तेल पार गेलंय असा निकाल दिला. मी नुकतंच बदललं होतं. पण म्हटलं, चला, गफूरभाईंना दाखवू. अंमळनेर येईपर्यंत आबा गाणं गुणगुणत होते.

गफूरभाईंनी पट्टी बघितली आणि बॉनेट लावून टाकलं. तेल नवंकोरं आहे, म्हणाले. आबांनी डोळ्यांनी खुणा केल्या. पण गफूरभाईंचाही एक धर्म होता: आबांच्या गाडीची गोष्ट वेगळी, परक्या माणसाचं चांगलं तेल मी सांडणार नाही.

आबांचा चेहरा उतरला. "चला भाऊ, परत जाऊ," ते म्हणाले. लेकीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

मी गाडी धुळ्याकडे न वळवता सरळ ज्योतीच्या दारात नेली. ती दारापुढच्या ओट्यावर भरताची वांगी भाजत होती. आबांना बघून उठली आणि नेहमीप्रमाणे तिने विचारलं, तेल निथळत ठेवलंय का म्हणून.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच चपलेचा पट्टा बघायला लागलो.

"नाही," आबा म्हणाले. "तेल चांगलं शे. आज असाच उनू, तुले देखाले."

ज्योती नुसतीच उभी राहिली. वांग्याची एक बाजू करपली.

"मग आज राहा ना, आबा," शेवटी ती म्हणाली.

आबांनी कपडे आणले नाहीत हे कारण काढलं. ती आत जाऊन नवऱ्याचा पायजमा घेऊन आली. जावई सहा फुटी.

जेवून मी निघालो तेव्हा आबा पायजम्याच्या पायांना मोठाल्या घड्या घालून मला सोडायला फाटकापर्यंत आले.

"गल्लीत कोणी विचारलं तर सांगा, आबा तिकडं कामात..." एवढं बोलून ते थांबले. पायजमा वर ओढला.

"नाही. सांगा, लेकीकडे राहिलाय."