काट्यावरची बाजरी

सोजरबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा भिमाजी दौंड स्टेशनात वजनाच्या काट्याजवळ उभा होता आणि काट्यावर त्याच्या कचेरीतला संपत चढला होता. दिवे फिरले, खटकन तिकीट पडलं. सहासष्ट किलो. डॉक्टरांनी भिमाजीला सांगितलेला आकडा बरोबर हाच होता. तो तिकीट खिशात घालत होता तेवढ्यात वरवंडचा शेजारी मारुतराव समोर आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. पुढचं सांगायची गरज पडली नाही.

हे सुरू झालं होतं वर्षापूर्वी, गावातल्या डॉक्टरांकडे. सोजरबाईचा खोकला हटत नव्हता म्हणून नवराबायको गेले होते. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि सोबत आलाच आहे म्हणून भिमाजीलाही तपासलं. ती एकेचाळीस किलो होती, ती अठ्ठेचाळीस व्हायला हवी. तो शहात्तर होता, त्याच्या छातीसाठी सहासष्टावर यायला हवा. "तुमच्यातलं थोडं काढून बाईंना देता आलं असतं तर काम सोपं होतं," डॉक्टर म्हणाले.

घरी येतायेता सोजरबाईनं ठरवून टाकलं. "तुमी उतरा, मी चढते. दर म्हैन्याला दोगांनी तिकीट दाखवायचं."

तिकिटांसाठी फळीवर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला गेला. भिमाजी दौंडला एका कचेरीत शिपाई होता, त्याला स्टेशन जवळ. सोजरबाई बाजारच्या दिवशी मारुतरावाच्या बायकोबरोबर, आक्काबाईबरोबर, दौंडला जायची.

पहिला महिना भिमाजी इमानानं वागला. बिनसाखरेचा चहा, आणि पहाटे तळ्यापर्यंत चालत जाणं. पण तळ्याच्या वाटेवर त्याचा मामेभाऊ राहायचा, आणि भावाची बायको त्याला रिकाम्या पोटी पुढं जाऊ देत नसे. महिन्याअखेर तिकीट आलं सत्याहत्तरचं. त्याच संध्याकाळी सोजरबाईनं बेचाळीसचं तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. तिचा चेहरा असा फुलला होता की भिमाजीला आपलं तिकीट काढवेना. "माझं उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कचेरीतल्या संपतला स्टेशनवर नेलं. संपत त्याच्याच उंचीचा, पण अंगानं जरा कमी. तिकिटावर नाव नसतं. बहात्तर आले.

सोजरबाई आधी खूश झाली, मग घाबरली. एका महिन्यात चार किलो म्हणजे माणसाला आतून काहीतरी लागलं असणार. तिनं त्याच्या भाकरीवर तुपाची धार सुरू केली. नको म्हणायची सोय नव्हती. तिकडं संपतही फुकट काट्यावर चढणारा नव्हता, त्याला दर वेळी भजी लागायची. चौथ्या महिन्यात त्याचं तिकीट चौऱ्याहत्तरचं निघालं.

सोजरबाईनं ते उजेडात धरून पाहिलं. "तळ्यावर चालाया जाता, का म्हसरावानी डुंबाया?"

मग भिमाजीनं संपतची भजी बंद केली. कचेरीतला त्याचा चहा बिनसाखरेचा झाला. दुपारच्या सुट्टीत संपतनं नदीपर्यंत जाऊन यायचं आणि भिमाजीनं रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून ते बघायचं, असं ठरलं.

"आजारी तू आन् पथ्य मला," संपत म्हणायचा. "बायको इचारती, कुनासाठी नटायला लागलाय म्हनून."

पण त्याचा गुडघा दुखायचा थांबला, आणि नंतर तो न सांगता जाऊ लागला. तिकिटं उतरत गेली. डब्यात सोजरबाईची तिकिटं चढत गेली. त्रेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस. खोकला काही जात नव्हता. भिमाजी दोनदा म्हणाला, रजा टाकतो, पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊ. दोन्ही वेळा तिनं डबा उघडला.

"वजन चढत्या मानसाला कुनी दवाखान्यात नेतं व्हय?"

नऊवारीत माणूस किती उरलंय ते दिसत नाही. आकडा दिसत होता. भिमाजीनं काळजी सोडली.

सोजरबाईच्या जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले. भिमाजीनं सहासष्टचं तिकीट डब्यात टाकलं, तेव्हा आक्काबाई भाकरी घेऊन आली होती. डबा पाहून ती खालीच बसली.

"भावजी, तिची तिकिटं खरी न्हवती."

"म्हंजी?"

"पदराखाली बाजरीची पिशवी घिऊन चढायची. आदी किलोभर, मग दर खेपंला जास्ती. गेल्या बाजारी तर तिला उचलंना, म्या पिशवी तिच्या पायाशी ठिवली."

"कशापायी पर?"

"म्हनायची, हे पहाटंचं उठून तळ्यावर जात्यात, एवढं वजन उतरिवलंय. माझं घटतंय कळलं तर सगळं सोडून माझ्यापाशी बसत्याल."

ती बाजरी दर महिन्याला घरातच दळली जायची. भाकरी भिमाजीच खायचा, तूप लावून.

शेवटच्या बाजाराची पिशवी कोपऱ्यात तशीच होती. सोमवारी त्यानं ती दौंडला नेली आणि काट्यावर एकटी ठेवली. बाकावरचा हमाल म्हणाला, "मामा, बाजरी बी रोडावली का काय?" सोबत आलेल्या संपतनं त्याला हातानं खुणावून गप्प केलं. तिकीट आलं, अकरा किलो.

तिचं शेवटचं तिकीट अठ्ठेचाळीसचं होतं. भिमाजीनं मनात वजाबाकी केली. सदतीस. पुन्हा केली, तरी सदतीसच.

संपतनं पिशवी खाली घेतली आणि म्हणाला, "आता तू चढ."

त्या पहिल्या महिन्यानंतर पहिल्यांदाच भिमाजी काट्यावर चढला. एक्क्याऐंशी. संपत हसला नाही. तिकीट त्यानं भिमाजीच्या खिशात घातलं.

आता रोज दुपारी दोघं नदीपर्यंत जातात. संपत पुढं असतो, भिमाजी मागं. अजून पंधरा किलो उतरायचे राहिले आहेत. बाजरीही दळायची राहिली आहे.