पांडूभाऊंची ॲसिडची बाटली

पांडूभाऊ बाटलीला अहोजाहो करायचे. आम्हा मुलामुलींना सरसकट अरेतुरे, पण सल्फ्यूरिक ॲसिडची बाटली कपाटातून काढताना म्हणायचे, "चला जी, या." आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांद्याच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे शिपाई. मी इंटर सायन्सला, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत.

तीव्र ॲसिड सौम्य करण्याचं काम त्यांचं. पसरट भांड्यात पाणी, भांडं गार पाण्याच्या घमेल्यात. मग काचेच्या कांडीवरून ॲसिडची बारीक धार, ढवळत, मधूनमधून थांबत. अख्खी दुपार जायची. बघूनच मी दमायचे.

"भाऊ, लवकर करा न जी."

"त्याले घाई नाई, पोरी. तुलेच हाय."

एकदा ते कोपऱ्यात भाकर खायला बसले आणि मी म्हटलं, आपणच उरकावं. घरी डाळ घट्ट झाली की डाळीत पाणी घालतात. पाण्यात डाळ कुणी ओतत नाही. या अकलेवर मी भांड्यात आधी ॲसिड घेतलं आणि त्यात पाणी ओतू लागले. चर्र झालं, उसळलं. पांडूभाऊ घास टाकून धावले. मला ढकललं, आणि थेंब उडाले ते त्यांच्या हातावर.

"रडू नको. पानी टाक. अजून टाक."

मी रडत तांब्यावर तांब्या ओतत राहिले. तेवढ्यात सर आले.

"कोणी केलं हे?"

माझी पाचावर धारण बसली. एक तक्रार जरी गेली तरी वडील मला घरी ब्रह्मपुरीला परत नेणार होते. स्थळ बघून ठेवलं होतं, हे पांडूभाऊंनाही ठाऊक होतं.

"माह्याच हातून झालं, सायेब," पांडूभाऊ म्हणाले.

इतक्या वर्षांत न चुकलेला हात. सरांनी ॲसिडच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली, दुसऱ्याला दिली. मी चकार शब्द काढला नाही. एरवी माझी जीभ गावभर चालायची.

संध्याकाळी ते नुसते झाडत होते.

"भाऊ, काऊन खोटं बोलले जी?"

"मंग का करतो? एक पोट्टी शिकून राह्यली, तिले घरी धाडतो?" झाडू थांबला. "पास झाली तं सांगायले येजो. इथून गेलं का कोनी येत नाई."

"येईन," मी म्हटलं.

निकाल लागला तेव्हा मी नागपूरला मामाकडे. पास झाले. पोस्टकार्ड घेतलं, पत्ताही घातला. मग वाटलं, त्यांना कुठे वाचता येतं. न पाठवायला एवढं कारण मला पुरलं.