बटनराव आणि 'नवी आई'

"एक बटन! फक्त एक बटन दाबायचं, की ऑफिसातले सगळे संगणक नवे कोरे!"

अशा बढाया मारून मारूनच विमा कचेरीतल्या या संगणकवाल्याचं नाव 'बटनराव' पडलं होतं. साहेबांनीही बजावलं होतं, "काउंटर वेळेवर उघडले नाहीत, तर तुमची खुर्ची तळघरात. झुरळांना शिकवा संगणक!"

बेत सोपा. चालू होताच प्रत्येक संगणकानं वायरीवरून हाक मारायची, "मला कोणी वाली आहे का?" सर्व्हरनं ओ द्यायची आणि एकाच मूळ प्रतीतून सगळ्यांना नवा जन्म द्यायचा. त्या मूळ प्रतीचं नाव बटनरावांनी ठेवलं होतं 'आई'. सगळी लेकरं तिचीच ना!

दाबलं बटन.

पडदा: *उत्तर मिळाले नाही.*

"रुसला वाटतं सर्व्हर," कॅशियरकाका म्हणाले.

पडदा: *उत्तर मिळाले नाही.*

बटनराव टेबलाखाली शिरले. सर्व्हरची वायर चक्क बाहेर लोंबत होती!

"कोणत्या गाढवानं काढली ही?"

मग आठवलं. गाढव टेबलाखालीच होतं. काल सासूबाईंचा बिघडलेला लॅपटॉप जोडायला त्यांनीच ती उपसली होती. मुकाट्यानं खोचली.

पडदा: *कोणती प्रत? आई / नवी आई.*

'नवी' समोर असताना जुनी कोण घेतो? दाबलं!

सगळे पडदे उजळले. प्रत्येकावर एकच फोटो. गॉगल, कमरेवर हात, मागच्या धबधब्यालाही दटावणारी नजर.

सासूबाई!

'नवी आई' म्हणजे त्यांच्याच लॅपटॉपची, काल दुरुस्तीआधी सर्व्हरवर जपून ठेवलेली प्रत. सासूबाईंनाही ते 'आई'च म्हणत; पण ते नाव आधीच दिलेलं, म्हणून 'नवी'!

"कोण हो या?" साहेब दारात.

बटनराव तोंड उघडणार तोच सगळे संगणक एका सुरात कडाडले, "अहो! किती वेळ बसून राहणार? उठा! पाठ सरळ करा!"

लॅपटॉपवर पत्ते खेळत बसणाऱ्या सासऱ्यांसाठी सासूबाईंनी आवाज भरून ठेवला होता. पण 'अहो' ऐकताच कचेरीतला प्रत्येक लग्न झालेला पुरुष ताडकन उभा! कॅशियरकाका उभे. शिपाई उभा. आणि आधीच उभे असलेले साहेब? त्यांनी पाठ सरळ केली, पोटही आत घेतलं!

काउंटरवाल्या ताई हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. मग काका हसले. मग खुद्द साहेब!

बटनरावांनी घाम पुसत सगळं पुन्हा सुरू केलं. या वेळी 'आई'. काउंटर अगदी ठोक्याला उघडले.

"तळघर रद्द," साहेब डोळे पुसत म्हणाले. "पण तो आवाज तेवढा मला द्या. बैठकीत लावतो."

बटनरावांची छाती फुगली. "बघा साहेब, एक बटन..."

फोन वाजला. सासूबाई!

"जावईबापू, लॅपटॉप काय करून दिलात? फोटो गेले, पत्ते गेले! नुसतं तुमच्या कचेरीचं चिन्ह. काहीही दाबलं की म्हणतो, 'आपल्याला परवानगी नाही.' मला? माझ्या घरात? मला परवानगी नाही?"

बटनरावांना आता उलगडलं. काल लॅपटॉप नीट करताना हात सवयीनं 'आई'वरच गेला होता!

"वर म्हणतो, संगणक-प्रशासकाला भेटा. कोण हो हा प्रशासक?"

बटनरावांनी साहेबांकडे पाहिलं, आवाज बारीक केला आणि म्हणाले, "त्याची... तळघरात बदली झाली, आई."