कुंदाताईंची दोरी

कुंदाताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी मानेकडे. आमच्या नोएडाच्या सोसायटीत एखादा तरणा पोरगा लिफ्टमध्ये शिरला की या मागून त्याची कॉलर खाली ओढणार. "काळपट दिसतेय रे! साबणानं नाही जायची ही." पोरगा बिचारा पुढच्याच मजल्यावर उतरतो.

ताई संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्या. तरुण मुलांमधला इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे मधुमेहाच्या आधी शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होणं, सोप्यात सोप्या रीतीनं कसा ओळखायचा, हा त्यांचा जन्माचा ध्यास. वजनकाटा, काळवंडलेली मान, रक्त आणि दोरी यांची त्या सतत कुस्ती लावतात आणि उघडउघड दोरीची बाजू घेतात. दोरीनं उंची मापायची, ती मधोमध दुमडायची, पोटाभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर पास.

दिवाळीच्या फराळाला त्यांनी माझ्या चिन्मयला धरलं. पोरगा दिवसभर लॅपटॉपसमोर, हातपाय काडीसारखे.

"मावशी, वजन बिल्कुल नॉर्मल आहे, यार!"

"काट्याला काय कळतंय? श्वास सोड!"

त्यानं श्वास सोडला आणि टोकांमध्ये चार बोटं अंतर राहिलं. मी फणकारले, "ताई, सणासुदीला पोराला नजर लावू नका."

तरी त्यांनी रक्त तपासायला लावलंच. उपाशीपोटीची साखर ठीक आली. मी पेढे आणायला निघाले, तर ताई म्हणाल्या, "थांब. ती ठीक ठेवायला शरीर किती इन्सुलिन ओततंय ते बघ की!" बघितलं. आकडा चढाच होता. चिन्मयच्या बाबांना मधुमेहानं किती छळलंय ते मी रोज बघते. मी तिथंच रडायला लागले.

"रडतेस काय? वेळेवर सापडलंय!"

तेव्हापासून सकाळी ताईंबरोबर पार्कात चालणं आणि संध्याकाळी सातला त्यांच्याकडे भाकरी-उसळ. चिन्मय आधी कुरकुरत जायचा, मग न बोलावता जाऊ लागला.

परवा नवा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता! ताईंनी तरी दोरी काढलीच. टोकं जुळली, वर बोटभर दोरी उरली. "जिंकलो! रक्त आणि दोरी दोन्ही आपल्या बाजूनं!" असा आरडाओरडा केला की खालून गार्डचा इंटरकॉम आला. मी तर त्यांना मिठीच मारली.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. पाठोपाठ मी गेले, तर परातीपुढे पिठाचा डबा धरून उभ्या.

"म्हणजे उद्यापासून एकटीपुरतंच पीठ घ्यायचं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात चिन्मय बाहेरून ओरडला, "मावशी, उद्या मटकीची उसळ करा ना!"

"उद्या कशी होईल? मोड नको यायला? परवाही यावं लागेल!" ताई त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या आणि मटकीचा डबा उघडला.