कावळा पॉझिटिव्ह

नामा पाटलाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. रेवसच्या खाडीवर सकाळी नऊला पान मांडलं होतं, आता अकरा वाजून गेले. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या तिवरांच्या झाडांवर अकरा जण ओळीनं बसले होते. पण एकही ओरडत नव्हता, आणि पिंड सोडून सगळे नामाच्या मुलाकडे, जीवनकडे, बघत होते.

"वरसाला भंडारा घालीन," जीवन हात जोडून म्हणाला. "आयेला सांभालीन."

कावळे ढिम्म.

"होडीचं बोल," त्याची आई नीराबाई म्हणाली. "होडी इकनार न्हाय म्हन."

घोडं तिथंच पेंड खात होतं. नामाची होडी शेजारी चिखलात ओढून ठेवली होती. मांडव्याच्या विपुलशेठला ती मधोमध कापून आपल्या रिसॉर्टात दारूचं काउंटर करायचं होतं, आणि जीवननं त्याला शब्द देऊन टाकला होता. तो पुन्हा होडीच्या काठाला, सकाळपासूनच्या जागी, जाऊन टेकला.

गणराज भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववूया असं सुचवलं. नीराबाईंनी मान हलवली. "त्यांनी जल्मात खोटं खपवून घेतलं न्हाय. खरा कावला शिवंल तवाच मी पानी पिईन." त्यांनी कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

जीवनला आईची दया आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही. तेवढ्यात धक्क्याला लाँच लागली, भोंगा वाजला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. जीवननं दोन पावलं टाकली, अंगठ्यानं पिंडाची कड मोडली, तुकडा भरतीच्या पाण्यात भिरकावला आणि म्हणाला, "शिवला बघा. उडाला पन."

अकराही कावळ्यांनी ते पाहिलं.

बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नामाचा जुना सोबती काळूराम मात्र पानाशी वाकला. "कोनी पायला? मोडलेला तर हाय. पन खेकड्यानं बी खाल्ला आसंल."

नीराबाईंनी ओठापाशी नेलेला पेला खाली ठेवला.

"त्यात काय, तपासूया," अमिषा म्हणाली. जीवनची ही मुलगी पनवेलच्या एका लॅबमध्ये होती. विमानाला धडकून मेलेल्या पक्ष्याचा डाग घासून आणायचा आणि तो कावळा होता, घार होती की बगळा, ते सांगायचं, हे तिचं काम. ड्यूटीवरून ती थेट इथं आली होती, आणि किट पिशवीतच होतं.

जीवन घाईनं आडवा आला. "धर्माच्या कामात मशीन नको."

"मशीन नाहीये पप्पा. एन्झाइम आहे. डीएनए कापायची कात्री समजा."

"सुतकात कात्री?" नीराबाई दचकल्या.

"डोळ्यांना दिसत नाही ती, आजी. तिला कावळ्याची खूण शिकवलेली असते. नमुन्यात ती खूण सापडली की कात्री पिसाळते, समोर येईल ते कापत सुटते. मग पट्टीवर रेघ उमटते. कावळा नसेल तर रेघ नाही."

तिनं मोडलेल्या कडेवर कापसाची काडी फिरवली, काडी द्रव भरलेल्या नळीत बुडवली आणि नळीला घट्ट बूच लावलं. "हिला अंगाची ऊब लागते. पप्पा, काखेत धरा अर्धा तास."

आपल्याविरुद्धचा पुरावा काखेत धरून उभं राहण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये. जीवन घामानं निथळत होता. भरतीचं पाणी चढत चढत पानाकडे सरकत होतं. तिवरांवर एक पंखही हलला नाही.

नळीत बुडवलेल्या पट्टीवर सगळी डोकी वाकली तेव्हा जीवननं कबुली देण्यासाठी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रेघ उमटली. चांगली ठसठशीत.

"कावळाच," अमिषा म्हणाली.

सकाळीच मुंडण झालं होतं म्हणून, नाहीतर जीवनच्या डोक्यावरचे केस उभे राहिले असते. कावळा आलेला नाही हे अख्ख्या पंचक्रोशीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"चुकलं आसंल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "परत बघ."

"अरे, तूच वराडलास ना शिवला म्हनून?" काळूरामनं विचारलं.

अमिषा कामाला चोख. पडताळणीसाठी सोबत ठेवलेल्या साध्या पाण्याच्या नळीवर रेघ आली नव्हती, म्हणजे किट ठीक होतं. तरी कुणाच्या हातावरून काही लागलं असेल तर बघूया, असं म्हणून तिनं पानाजवळ वावरलेल्या चौघांच्या बोटांवरून काड्या फिरवल्या. भटजी, काळूराम, जीवनची आत्या कमळ आणि स्वतः जीवन. पुन्हा अर्धा तास चार काखा कामाला लागल्या. भटजी कोरे. काळूराम कोरा. कमळ कोरी.

जीवनच्या अंगठ्यावर रेघ आली.

नीराबाई हाताचा आधार घेत उठल्या आणि मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कावला तुला शिवलाय," त्या म्हणाल्या.

जीवननं अंगठ्याकडे पाहिलं, मग होडीकडे. तिचा काठ कावळ्यांच्या शिटांनी पांढरा झाला होता, आणि तो सकाळभर तिथंच टेकून उभा होता. एवढंच तर होतं. त्याला हसूच येणार होतं. पण हे सांगायचं, तर तो अंगठा पिंडाच्या कडेला कसा पोचला तेही सांगावं लागलं असतं. शिवाय निरोप आला तो बापाच्याच होडीवरून आला, हा विचार डोक्यातून जाईना. त्याला मनापासून भीती वाटली.

"न्हाय इकनार होडी, बाबा," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

अकराही कावळे एकदम खाली उतरले. पंखांच्या फडफडीशिवाय आवाज नव्हता. मिनिटभरात पान स्वच्छ झालं आणि तिवरं रिकामी झाली. काळूरामनं टोपी काढून हातात धरली. नीराबाई घटाघटा पाणी प्यायल्या आणि मग पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या.

अमिषानं किट आवरलं आणि जाता जाता बापाच्या तळहातावर सॅनिटायझर ओतलं.

"नमुना मी फक्त मोडलेल्या कडेचा घेतला होता, पप्पा," ती हळूच म्हणाली. "अंगठा नीट धुवा."